टकरीत संवेग टिकतो, मग गतिज ऊर्जा का टिकत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोरीने टांगलेल्या १.९९ किग्रॅ वस्तुमानाच्या लाकडी ठोकळ्यात १० ग्रॅमची गोळी ४०० मी/से वेगाने येऊन रुतते आणि ठोकळा झोका घेऊन वर जातो. तो किती उंच जाईल? तुम्ही गोळीची गतिज ऊर्जा थेट ठोकळ्याच्या स्थितिज ऊर्जेबरोबर मांडली आणि उत्तर सुमारे ४१ मीटर आले, तर दिलेले उत्तर २० सेंटीमीटरच्या आसपास आहे. त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. ऊर्जा अक्षय्य असताना ही पद्धत चूक का ठरते? चिकटणाऱ्या टकरीत संवेग टिकतो आणि गतिज ऊर्जा टिकत नाही, असा भेद निसर्गात का असावा? आणि नवे गणित समोर आले की कोणता नियम कुठे लावायचा, हे कसे ओळखायचे?

यातला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तो सुटला की उरलेले दोन्ही प्रश्न बरेचसे आपोआप सुटतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

अनेक वर्षे हा भाग शिकवताना माझ्या असे लक्षात आले आहे की विद्यार्थ्यांची अडचण सहसा सूत्रांची नसते. वस्तुमान गुणिले वेग म्हणजे संवेग आणि वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याचा निम्मा म्हणजे गतिज ऊर्जा, हे सर्वांना पाठ असते. अडचण अशी असते की या दोन्ही राशी ‘टिकणाऱ्या राशी’ म्हणून एकामागून एक शिकवल्या जातात आणि त्या बदलतात कशामुळे, हे मागे पडते. संवेग बदलतो तो बल किती काळ लागले यामुळे. बल आणि काळ यांच्या गुणाकाराला आपण बलाचा आवेग म्हणतो, आणि वस्तूच्या संवेगातला बदल त्या आवेगाइतकाच असतो. गतिज ऊर्जा बदलते ती बल लागत असताना वस्तू बलाच्या दिशेत किती अंतर सरकली यामुळे; त्या गुणाकाराला आपण कार्य म्हणतो. एकाच बलाचे हे दोन हिशेब आहेत, एक काळाचा आणि दुसरा अंतराचा.

आता दोन वस्तूंची टक्कर डोळ्यांसमोर आणा. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार पहिली वस्तू दुसरीवर जेवढे बल लावते, तेवढेच बल दुसरी पहिलीवर उलट दिशेने लावते. ही दोन्ही बले एकाच क्षणी सुरू होतात आणि एकाच क्षणी संपतात. म्हणजे दोघींना बल लागण्याचा काळ नेमका सारखाच असतो, आणि म्हणून दोघींना मिळणारे आवेग समान व विरुद्ध असतात, बेरीज शून्य. एकीने जेवढा संवेग गमावला तेवढा दुसरीने मिळवला. यात वस्तू मऊ आहेत की कडक, चिकटल्या की उसळल्या, याचा काहीही संबंध येत नाही. अंतराचे मात्र तसे नाही. टक्कर चालू असताना दोन्ही वस्तू सारख्याच अंतराने सरकल्या पाहिजेत, असे बंधन कोणताही नियम घालत नाही. त्या चेपतात, वाकतात, एकमेकींत रुततात, आणि त्या वेळी मागची वस्तू पुढच्या वस्तूपेक्षा जास्त अंतर सरकते. बल सारखे पण अंतर वेगळे, म्हणून दोन्ही कार्यांची बेरीज शून्य होत नाही. काळ समाईक आहे आणि अंतर समाईक नाही: तुम्ही विचारलेल्या भेदाचे मूळ एवढेच आहे.

हे शब्दांत पटले तरी आकड्यांत पाहिल्याशिवाय पक्के होत नाही, म्हणून एक टक्कर अगदी जवळून पाहू. घर्षण नगण्य असलेल्या सरळ रुळावर २ किग्रॅची एक गाडी ३ मी/से वेगाने येते आणि स्थिर उभ्या असलेल्या १ किग्रॅच्या गाडीला आपटून तिला चिकटते. सुरुवातीचा एकूण संवेग ६ एकक, एकूण वस्तुमान ३ किग्रॅ, म्हणून चिकटल्यानंतर दोघींचा वेग २ मी/से. गतिज ऊर्जा आधी ९ ज्यूल होती, नंतर ६ ज्यूल उरली. ३ ज्यूल कमी झाली. पाठ्यपुस्तकातले उदाहरण बहुतेक वेळा इथेच संपते. आपण टकरीच्या आत शिरू.

टक्कर ०.०१ सेकंद चालली आणि त्या काळात बल एकसारखे राहिले, असे धरू. (खऱ्या टकरीत बल वाढत जाते आणि मग कमी होते; तिथे गुणाकाराऐवजी आलेखाखालचे क्षेत्रफळ घ्यावे लागते. युक्तिवाद तोच राहतो.) लहान गाडीचा संवेग शून्यावरून २ झाला, म्हणजे तिला २ न्यूटन-सेकंद आवेग मिळाला आणि त्यावरून बल २०० न्यूटन आले. मोठ्या गाडीचा संवेग ६ वरून ४ झाला, म्हणजे तिलाही २ न्यूटन-सेकंदच, पण उलट दिशेने. संवेगाचा हिशेब जुळला. आता अंतरे काढू. मोठ्या गाडीचा वेग ३ वरून २ झाला, सरासरी २.५ मी/से, म्हणजे त्या ०.०१ सेकंदात ती २.५ सेंटीमीटर सरकली. लहान गाडीचा वेग शून्यावरून २ झाला, सरासरी १ मी/से, म्हणजे ती १ सेंटीमीटर सरकली. मोठ्या गाडीवर झालेले कार्य २०० गुणिले ०.०२५, म्हणजे उणे ५ ज्यूल. तिची गतिज ऊर्जा ९ वरून ४ झाली, बरोबर. लहान गाडीवर झालेले कार्य २०० गुणिले ०.०१, म्हणजे अधिक २ ज्यूल. तिची गतिज ऊर्जा शून्यावरून २ झाली, बरोबर. एकीने ५ दिले, दुसरीला २ मिळाले, मधले ३ कुठे गेले? दोन्ही गाड्यांच्या सरकण्यात १.५ सेंटीमीटरचा फरक आहे. तेवढ्याने त्या एकमेकींत चेपल्या. २०० न्यूटन गुणिले ०.०१५ मीटर म्हणजे नेमके ३ ज्यूल. हरवलेली गतिज ऊर्जा त्या चेपण्यात खर्च झाली आहे: पत्रा वाकवण्यात, दोन्ही पृष्ठभाग तापवण्यात, थोडी आवाजात.

हे उदाहरण कागदावर स्वतः मांडून पाहा, आणि मग काळ ०.०१ ऐवजी ०.००२ सेकंद घेऊन पुन्हा मांडा. बल पाच पट होईल, चेपणे एक पंचमांश होईल, आणि ३ ज्यूल हा आकडा जिथल्या तिथे राहील. टकरीचा काळ दिलेला नसतानाही ही गणिते सुटतात, त्यामागचे कारण यातून दिसते.

तुमच्या मनातला गोंधळ नवा नाही आणि तो कमी समजेचे लक्षणही नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी १६४४ मध्ये विश्वातील ‘गतीचे परिमाण’ कायम राहते असे मांडले, पण त्यांनी वेगाची दिशा हिशेबात घेतली नव्हती, त्यामुळे टकरींविषयीचे त्यांचे अनेक निष्कर्ष चुकीचे ठरले. पुढे १६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने या विषयावर विद्वानांकडून मते मागवली आणि वॉलिस, रेन व हायगेन्स यांनी आपापले निष्कर्ष पाठवले. वॉलिस यांनी न उसळणाऱ्या वस्तूंचा विचार केला होता, तर रेन आणि हायगेन्स यांनी उसळणाऱ्या. मग १६८६ मध्ये जर्मन गणितज्ञ लाइबनिझ यांनी वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हेच गतीचे खरे माप आहे, असा आग्रह धरला, आणि पुढची काही दशके कोणते माप खरे यावर युरोपभर वाद चालला. डच प्रयोगकर्ते स्ग्रावेसांडे यांनी पितळी गोळे मऊ मातीत टाकून दाखवले की खळगा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. आज आपल्याला दिसते की दोन्ही पक्षांकडे सत्याचा एकेक भाग होता: एक पक्ष बलाचा काळाशी हिशेब मांडत होता, दुसरा अंतराशी. विद्यार्थी या ठिकाणी अडखळला तर तो योग्य ठिकाणी अडखळला आहे, असे मी मानतो.

आता एक पाऊल पुढे जाऊ. गतिज ऊर्जा कमी होते हे मान्य केले, तरी ती किती कमी होऊ शकते? सगळीच का नाही जात? दोन गाड्यांच्या वस्तुमान केंद्राचा वेग पाहा. एकूण संवेग ६, एकूण वस्तुमान ३, म्हणून केंद्राचा वेग २ मी/से. टकरीतली बले अंतर्गत असल्यामुळे ती हा वेग बदलू शकत नाहीत. म्हणजे ३ किग्रॅ वस्तुमान २ मी/से वेगाने जात असल्याची ६ ज्यूल ऊर्जा संवेगाने बांधून ठेवलेली आहे. कोणतीही टक्कर तिला हात लावू शकत नाही. आता केंद्राबरोबर चालणाऱ्या निरीक्षकाच्या जागी स्वतःला कल्पा. त्याला मोठी गाडी १ मी/से वेगाने येताना दिसते आणि लहान गाडी उलट दिशेने २ मी/से वेगाने. त्यांच्या गतिज ऊर्जा १ आणि २ ज्यूल, बेरीज ३. खर्च होऊ शकणारी ऊर्जा हीच, आणि चिकटणाऱ्या टकरीत ती सगळी खर्च होते. म्हणून चिकटणाऱ्या टकरीत ऊर्जेची घट सर्वांत जास्त असते, आणि म्हणूनच ती पूर्ण ९ ज्यूल कधीही होऊ शकत नाही. दोन वस्तू समान आणि विरुद्ध संवेगाने समोरासमोर येऊन चिकटल्या, तरच सगळी गतिज ऊर्जा जाते, कारण तेव्हा केंद्र मुळातच स्थिर असते.

इथे एक शंका हमखास येते: हरवलेली ऊर्जा उष्णतेत गेली, मग थोडा संवेगही उष्णतेत का जाऊ शकत नाही? याचे कारण असे की संवेग सदिश राशी आहे, म्हणजे त्याला दिशाही असते. वस्तू तापते म्हणजे तिचे रेणू सर्व दिशांना अधिक जोराने थरथरतात. प्रत्येक रेणूची गतिज ऊर्जा धन असल्याने त्या ऊर्जांची बेरीज वाढत जाते. पण त्यांचे संवेग सर्व दिशांना विखुरलेले असल्याने त्या थरथरण्याच्या संवेगांची सदिश बेरीज शून्यच राहते. त्यामुळे ऊर्जेला वस्तूच्या आत दडायला जागा आहे, संवेगाला नाही.

आता उसळणाऱ्या टकरीकडे वळू, कारण तिला वेगळे प्रकरण समजण्याची सवय लागते आणि ती सवय घातक आहे. वरच्याच दोन गाड्यांमध्ये एक उत्तम स्प्रिंग बसवा. स्प्रिंग दबत जाते, आणि एका क्षणी दोन्ही गाड्यांचा वेग सारखा, म्हणजे २ मी/से होतो. त्या क्षणापर्यंत घडलेले सगळे चिकटणाऱ्या टकरीसारखेच आहे: २ न्यूटन-सेकंद आवेग, ३ ज्यूल ऊर्जा चेपण्यात. फरक एवढाच की ही ऊर्जा स्प्रिंगमध्ये साठली आहे, आणि आता स्प्रिंग ती परत देते. उलगडताना ती आणखी २ न्यूटन-सेकंद आवेग देते. लहान गाडीचा वेग २ वरून ४ मी/से होतो, मोठीचा २ वरून १. गतिज ऊर्जा ८ अधिक १, म्हणजे पुन्हा ९ ज्यूल. जवळ येण्याचा सापेक्ष वेग ३ होता, दूर जाण्याचाही ३. अशा, गतिज ऊर्जा पूर्ण परत मिळणाऱ्या, म्हणजे स्थितिस्थापक टकरीची ती लांबलचक सूत्रे विसरली तरी चालतील. केंद्राचा वेग काढा, केंद्रासापेक्ष दोन्ही वेगांची चिन्हे उलटवा, आणि केंद्राचा वेग परत मिळवा. मोठी गाडी केंद्रासापेक्ष अधिक १, उलटून उणे १, त्यात २ मिळवून १. लहान गाडी उणे २, उलटून अधिक २, त्यात २ मिळवून ४. एवढेच.

खऱ्या वस्तू या दोन टोकांच्या मध्ये असतात. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त दोऱ्यांना टांगलेले गोळे एकमेकांवर आपटून काढलेले आकडे दिले आहेत: घट्ट आवळलेल्या लोकरीच्या गोळ्यांचा दूर जाण्याचा वेग जवळ येण्याच्या वेगाच्या सुमारे ५/९, काचेच्या गोळ्यांचा सुमारे १५/१६. हे गुणोत्तर माहीत असेल, तर स्प्रिंगच्या उदाहरणातला दुसरा टप्पा तेवढ्या पटीने कमी करायचा, की गणित सुटले. लोकरीच्या बाबतीत पहिल्या टप्प्यात २ न्यूटन-सेकंद, आणि दुसऱ्यात २ गुणिले ५/९. मात्र हे गुणोत्तर म्हणजे एखाद्या पदार्थाचा अढळ गुणधर्म नव्हे. ते दोन्ही पदार्थांवर, आकारावर आणि टकरीच्या वेगावरही अवलंबून असते, म्हणून गणितात दिलेले नसेल तर ते मनाने धरू नये.

आवेगाविषयी दोन गोष्टी स्वतंत्रपणे सांगायला हव्यात, कारण उत्तरे तपासताना सर्वांत जास्त चुका मला तिथे दिसतात. पहिली चूक चिन्हाची. अर्धा किग्रॅचा चेंडू ६ मी/से वेगाने भिंतीवर आपटून ४ मी/से वेगाने परत आला, तर वेगातला बदल २ नाही, १० मी/से आहे, कारण दिशा उलटली. आवेग ५ न्यूटन-सेकंद, १ नव्हे. गणित सुरू करण्याआधी कागदावर एक बाण काढून ‘ही धन दिशा’ असे लिहून ठेवा. तो बाण काढलेला नसेल, तर मी पुढचे गणित तपासण्याआधी तो काढायला सांगतो. याच चेंडूवरून आणखी एक प्रश्न निघतो: चेंडूचा संवेग तर बदलला, मग संवेगाची अक्षय्यता कुठे गेली? ते ५ एकक भिंतीमार्फत पृथ्वीला मिळाले. पृथ्वीचे वस्तुमान सुमारे ६ × १०²⁴ किग्रॅ असल्याने तिच्या वेगातला बदल १०⁻²⁴ मी/से इतकाही नसतो, आणि तिला मिळालेली गतिज ऊर्जा त्याहून विचारात न घेण्याजोगी. संवेग सारखा असेल तर ऊर्जेचा वाटा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात जातो. जड वस्तू संवेग घेते, पण ऊर्जा जवळजवळ घेतच नाही. म्हणून स्थिर भिंतीच्या गणितात चेंडूची ऊर्जा चेंडूपुरतीच मोजता येते, संवेग मात्र चेंडूपुरता टिकला असे म्हणता येत नाही.

दुसरी चूक आवेग आणि बल एकच समजण्याची. मोटारीतला ७० किग्रॅचा माणूस १५ मी/से वेगावरून थांबतो तेव्हा त्याला १०५० न्यूटन-सेकंद आवेग मिळणारच. तो एअरबॅगने थांबवला काय आणि समोरच्या कठीण पृष्ठभागाने थांबवला काय. एअरबॅग आवेग कमी करत नाही, काळ वाढवते. थांबायला ०.१ सेकंद लागला तर सरासरी बल १०,५०० न्यूटन, ०.०१ सेकंद लागला तर १,०५,००० न्यूटन. हेच अंतराच्या हिशेबानेही पडताळता येते. दोन्ही वेळा ७८७५ ज्यूल ऊर्जा काढून घ्यायची आहे. बल एकसारखे धरले तर पहिल्या वेळी माणूस ७५ सेंटीमीटर सरकत थांबतो, दुसऱ्या वेळी साडेसात सेंटीमीटरमध्ये. १०,५०० गुणिले ०.७५ आणि १,०५,००० गुणिले ०.०७५, दोन्ही ७८७५ च येतात. काळाचा हिशेब आणि अंतराचा हिशेब एकमेकांना आधार देताना दिसले की विषय मनात बसू लागतो.

आता तुमचे मूळ गणित. ही रचना टकरींच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये गोळीचा वेग मोजण्यासाठी अशाच लोलकाचे वर्णन केले होते. यात दोन घटना एकामागून एक घडतात, आणि तुमच्या मांडणीत त्या एकच धरल्या गेल्या. पहिली घटना गोळी रुतण्याची. गोळी लाकडात १० सेंटीमीटर शिरली असे धरले, तर सरासरी २०० मी/से वेगाने तिला अर्धा मिलिसेकंद लागतो. तेवढ्या काळात ठोकळा सरासरी १ मी/से वेगाने अर्धा मिलिमीटर सरकतो, म्हणजे दोरी अजून सरळ उभीच आहे. उभ्या दोरीचा ताण आडव्या दिशेत काहीच करू शकत नाही आणि गुरुत्वबलही आडवे नाही. म्हणून या अर्ध्या मिलिसेकंदात आडव्या दिशेचा संवेग टिकतो: ०.०१ गुणिले ४०० म्हणजे ४ एकक, भागिले २ किग्रॅ, वेग २ मी/से. गतिज ऊर्जा मात्र इथे टिकत नाही. गोळीने १० सेंटीमीटर लाकूड फाडले आणि ठोकळा फक्त अर्धा मिलिमीटर सरकला. दोन अंतरांतली ही तफावत पाहिली की किती ऊर्जा गेली असेल याचा अंदाज येतो. आधी ८०० ज्यूल, नंतर ४ ज्यूल. उरलेले ७९६ ज्यूल लाकूड फाडण्यात आणि तापवण्यात गेले.

दुसरी घटना वर जाण्याची. इथे संवेग टिकत नाही, कारण गुरुत्वबल आणि तिरप्या दोरीचा ताण ही बाह्य बले आता पुरेसा वेळ काम करतात. झोक्याच्या टोकाला संवेग शून्य होतो, हाच त्याचा पुरावा. पण ताण प्रत्येक क्षणी गतीला लंब असल्याने त्याचे कार्य शून्य असते आणि हवेचा रोध आपण सोडून देतो, म्हणून यांत्रिक ऊर्जा, म्हणजे गतिज आणि स्थितिज ऊर्जेची बेरीज, टिकते. वेग २ मी/से असताना उंची ४ भागिले १९.६, म्हणजे सुमारे २० सेंटीमीटर. तुमच्या ४१ मीटरमध्ये आणि या उत्तरात २०० पटींचा फरक आहे, आणि ८०० ज्यूल व ४ ज्यूल यांतही नेमका तेवढाच. तुमचे दुसऱ्या टप्प्याचे गणित मुळीच चुकलेले नव्हते. पहिला टप्पा मांडायचा राहून गेला होता.

यावरून तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर. मी नियम निवडण्याआधी दोन गोष्टी ठरवतो: कोणत्या वस्तू माझ्या संहतीत, म्हणजे एकत्र हिशेब करायच्या गटात, आहेत, आणि कोणत्या क्षणापासून कोणत्या क्षणापर्यंतचा काळ मी पाहतो आहे. मग विचारतो की त्या काळात बाहेरच्या बलांचा आवेग टकरीतल्या आवेगाच्या तुलनेत नगण्य आहे का, निदान एखाद्या दिशेत तरी? असेल, तर त्या दिशेत संवेग टिकतो. त्यानंतर वेगळेपणाने विचारतो की त्या काळात काही चेपले, फाटले, घासले आणि पूर्ववत झाले नाही, असे घडले का? घडले असेल, तर गतिज ऊर्जेची बरोबरी मांडता येत नाही. या दोन प्रश्नांची उत्तरे परस्परांवर अवलंबून नाहीत, म्हणून चारही जोड्या शक्य आहेत.

उत्तर परिस्थितीवर कसे अवलंबून असते, याची काही उदाहरणे देतो. सरळ जाणाऱ्या २० किग्रॅच्या गाडीत वरून १० किग्रॅ वाळू उभी पडली, तर उभ्या दिशेचा संवेग जमीन शोषून घेते, पण आडव्या दिशेचा टिकतो आणि ३ मी/से वेग २ मी/से होतो. उलट गाडीच्या तळाला भोक पडून वाळू गळू लागली, तर गाडीचा वेग वाढत नाही. गळणारी वाळू आपला आडवा वेग बरोबर घेऊनच बाहेर पडते, गाडीला मागे-पुढे ढकलत नाही. आणि तुमचा ठोकळा दोरीऐवजी खिळीवर फिरणाऱ्या जड दांड्याला पक्का बसवलेला असता, तर टकरीच्या क्षणी खिळीच आडवा आवेग देऊ शकली असती. तेव्हा साध्या संवेगाऐवजी खिळीभोवतीचा कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याच्या गतीचा संवेग, घ्यावा लागतो. ‘गोळी आणि ठोकळा दिसले की संवेग’ अशी ओळख पाठ करण्याला माझा विरोध आहे तो यामुळेच.

प्रतलातील टकरींचा तुम्ही उल्लेख केलेला नाही, पण त्या पुढे येतीलच. तिथे नवे काही नाही, दोन लंब दिशांना वेगवेगळा हिशेब ठेवायचा एवढेच. एक सुंदर निष्कर्ष मात्र आधीच सांगून ठेवतो. समान वस्तुमानाच्या दोन चकत्यांपैकी एक स्थिर असेल आणि तिरपी, स्थितिस्थापक टक्कर झाली, तर नंतर त्या एकमेकींशी ९० अंशांचा कोन करून जातात. संवेगाचे तीन बाण त्रिकोण बनवतात, आणि समान वस्तुमानामुळे ऊर्जेची बरोबरी त्या त्रिकोणाच्या बाजूंच्या वर्गांची बरोबरी होते. म्हणजे पायथागोरसचे प्रमेय. बिलियर्डच्या चेंडूंवर हा कोन ढोबळमानानेच दिसतो, कारण चेंडू फिरत असतात आणि टेबलाचे घर्षण टक्कर संपल्यावर त्यांचे मार्ग वाकवते.

हे सगळे वाचून झाल्यावर तुमचेच गणित आणखी दोन प्रकारे सोडवून पाहा. एकदा असे धरा की गोळी ठोकळ्यातून आरपार जाऊन १०० मी/से वेगाने पुढे निघून गेली. दुसऱ्यांदा असे धरा की ठोकळ्याला पोलादी पत्रा लावलेला आहे आणि गोळी त्यावर आपटून १०० मी/से वेगाने मागे आली. आकडेमोडीआधी फक्त गोळीच्या संवेगातला बदल पाहून अंदाज बांधा की रुतलेल्या गोळीच्या तुलनेत ठोकळा कोणत्या वेळी कमी उंच जाईल आणि कोणत्या वेळी जास्त. पत्र्याचे वस्तुमान सोडून दिले, तर माझी उत्तरे अनुक्रमे सुमारे ११.६ आणि ३२ सेंटीमीटर येतात. तुमची वेगळी आली, तर पहिल्यांदा दुसऱ्या गणितातले चिन्ह तपासा, आणि मग ठोकळ्याचे वस्तुमान २ किग्रॅ घेतले की १.९९, तेही पाहा. गोळी ठोकळ्यात राहिलेली नसल्याने या दोन्ही गणितांत ते १.९९ च घ्यायला हवे.